क्षार

जांबोटीच्या शाळेत विज्ञानाची जागा दोन वर्षं रिकामी.
मग सौंदत्तीकडून तल्लूर सर आले,
खिशात एक निळं पेन, एक लाल,
आणि मराठी एवढंच, जेवढं बाजारात भाजीला पुरतं.

पहिल्या तासाला फळ्यावर लिहिलं: आम्ल.
आम्हीही लिहिलं, आम्ल.
इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

मग ते म्हणाले, प्रत्याम्ल.
आमच्या पुस्तकात आम्लारी.
सुलभा घाडी उठली, सर, अरि म्हणजे शत्रू,
आम्लाचा शत्रू तो आम्लारी.
सरांनी खडू बोटांत फिरवला.
"शत्रू कशाला? समोर उभा आहे, एवढंच की वो."

खरी पंचाईत क्षारानं केली.
आमचा क्षार शेवटी उरतो तो, मिठाच्या जातीचा.
त्यांचा क्षार सुरुवातीलाच हजर,
बोटाला बुळबुळीत, साबणाच्या चवीचा,
आम्लारीच्याच घरातला.
चाचणीत मी लिहिलं,
आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार आणि पाणी.
लाल फुली.
एकोणतीस वह्या, एकोणतीस फुल्या.
दुसऱ्या दिवशी सरांनी माझं पुस्तक मागून नेलं,
आणि सोमवारी प्रत्येक फुलीशेजारी
वाकड्या अक्षरात एक शब्द होता: बरोब्बर.

लिटमसचे पैसे मंजूर व्हायचे होते, अजून असतील.
देवळामागची जास्वंद उकळून आम्ही रंग काढला.
आमसुलाच्या आगळात तो गुलाबी पेटला,
शिपायाच्या डबीतल्या चुन्याची निवळी घातली
तर शेवाळासारखा हिरवा.
मल्लू कापोलकरानं शेतातली तांबडी माती आणली होती.
सर म्हणाले, थोडी आंबट आहे.
मल्लूला राग आला.
आमचा भात गोड असतोय सर, येऊन खावा.
सर गेले. दोनदा वाढून घेतलं,
खरं मातीबद्दलचं मत बदललं नाही.

मग एका शनिवारी ती मोठी बाटली निघाली,
हात लावायचा नाही अशी.
चंचुपात्रात सोडा, त्यात दोन थेंब कसलेसे,
पाणी एकदम गुलबक्षी.
वरून आम्ल, नळीतून, थेंब थेंब,
आणि सर कानाशी पुटपुटत, निधान, निधान.
त्यांच्यात निधान म्हणजे सावकाश.
आमच्यात निधान म्हणजे पुरलेलं धन,
त्यामुळे आम्ही सगळे डोळे फाडून
तळाशी काय निघतंय ते बघत राहिलो.

काही निघालं नाही. रंग गेला.
कुठल्या थेंबानं गेला ते कुणाला सांगता येईना,
सुलभा म्हणाली चौतिसाव्या, मी म्हटलं पस्तिसाव्या.
पात्र हातात घेतलं तर कोमट,
ज्वर उतरत आलेल्या कपाळासारखं.

पाणी आटवलं. बशीत पांढरी पापडी उरली.
प्रयोगशाळेत जीभ लावायची नाही,
हे सरांनी दोन्ही भाषांत सांगून ठेवलेलं.
मल्लूनं लावली.
सरांनी त्याचा कान असा धरला की तो रडला,
सगळ्यांकडून शपथ घेतली, परत कधी नाही,
मग खिडकीशी जाऊन, आमच्याकडं पाठ करून, विचारलं,
"काय लागलं रे?"
"खारट," मल्लू हुंदका देत म्हणाला.
"मग," सर म्हणाले, "तुमचाच क्षार."

आता मी उद्यमबागेत, मुलामा देणाऱ्या कारखान्यात.
दिवसभर धुतलेल्या सुट्या भागांचं आम्ल
संध्याकाळी मागच्या टाकीत येतं,
गटारात सोडण्याआधी त्यात चुना घालते मी.
पट्टी बुडवायची, रंग बघायचा,
तीन. साडेचार. पाच.
नवा पोऱ्या घाई करतो, ताई, ओता की सगळा.
सगळा ओतला तर सात ओलांडून पलीकडं जातं,
मग परत आम्ल आणा, परत मोजा.
मी अर्धाच डबा कलता करते
आणि त्याला म्हणते, निधान.

कुठल्या भाषेतलं, ते त्यानं विचारलेलं नाही.